एक्सएसएलटीला ब्राऊझरचा निरोप. जुन्या पानांचे काय?

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एखाद्या विधेयकावर नोंदणीकृत मतदान झाले, की कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले याची यादी सभागृहाच्या सचिवालयातर्फे संकेतस्थळावर प्रसिद्ध केली जाते. वाचकाला पडद्यावर नीटनेटका तक्ता दिसतो. पक्षनिहाय बेरीज, बाजूने, विरोधात आणि अनुपस्थित असे स्तंभ, त्याखाली सदस्यांची नावे. मात्र वर्षानुवर्षे रूढ असलेल्या या पद्धतीत सर्व्हरवरून वाचकाच्या संगणकाकडे तक्ता येतच नव्हता. येत होती ती खुणांनी भरलेली माहितीची एक कोरडी फाइल आणि तिच्या पहिल्या काही ओळींत एक सूचना : 'मला दाखवायचे कसे, ते अमुक शैलीपत्रकात वाचा.' ते शैलीपत्रक मागवून घेऊन तक्ता उभा करण्याचे काम वाचकाचा ब्राऊझर स्वतः करीत असे. अमेरिकी काँग्रेसच्या असंख्य विधेयकांच्या संहिताही याच पद्धतीने प्रसिद्ध झाल्या आहेत.

या तंत्राचे नाव एक्सएसएलटी. ब्राऊझरमधील त्याचे स्थान काढून घेण्याचा निर्णय गुगलने २०२५ साली जाहीर केला आणि एरवी केवळ तंत्रज्ञांच्या वर्तुळात घोळणारा हा विषय एकाएकी वादाचा झाला. हा वाद नेमका कशाचा आहे हे समजून घ्यायचे, तर आधी माहिती आणि तिचे रूप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यामागचा विचार पाहावा लागेल.

खुणांची भाषा

वृत्तपत्राच्या कचेरीत हा विचार नवा नाही. बातमीदार मजकूर देतो; मथळा कोणता, उपमथळा कोणता, चौकट कुठली हे त्यावर नोंदवले जाते. तो मथळा किती स्तंभांचा असावा, कोणत्या टंकात असावा, हे पान लावणारा ठरवतो. तोच मजकूर शहर आवृत्तीत एका रूपात आणि जिल्हा आवृत्तीत दुसऱ्या रूपात जाऊ शकतो, कारण मजकुरावर 'हा मथळा आहे' एवढेच लिहिलेले असते, 'हा ठळक आणि मोठा छापा' असे नव्हे.

एक्सएमएल ही अशा खुणांचीच भाषा. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानके ठरविणाऱ्या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिला मान्यता दिली. वेबपानांसाठी वापरल्या जाणाऱ्या एचटीएमएलमध्ये परिच्छेद, मथळा, तक्ता अशा खुणा आधीच ठरलेल्या असतात. एक्सएमएलमध्ये तसे बंधन नाही. ज्याला जी माहिती साठवायची आहे, त्याने त्या माहितीला शोभतील अशा खुणा स्वतः कराव्यात. या खुणा देवनागरीत लिहिण्याची मुभाही पहिल्यापासून आहे, ही बाब आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. ग्रंथालयातील एका पुस्तकाची नोंद अशी लिहिता येते :

<पुस्तक>
<शीर्षक>ययाति</शीर्षक>
<लेखक>वि. स. खांडेकर</लेखक>
</पुस्तक>

यात 'ययाति' हे नाव तिरप्या अक्षरांत दाखवावे की ठळक, लेखकाचे नाव आधी यावे की नंतर, याबद्दल अवाक्षरही नाही. ते सांगण्याचे काम शैलीपत्रकाचे.

कपडे नव्हे, नवी मांडणी

शैलीपत्रक म्हटले, की संकेतस्थळे करणाऱ्यांना प्रथम आठवते ती सीएसएस. रंग, अंतर, अक्षरांचा आकार हे सारे सीएसएस ठरवते. मात्र जो मजकूर ज्या क्रमाने आला, त्याच क्रमाने त्याला कपडे चढवणे हे तिचे मूळ काम. शंभर पुस्तकांची यादी लेखकवार लावणे, एका लेखकाची किती पुस्तके आहेत ते मोजणे, शेवटी सूची तयार करणे, अशा कामांसाठी मजकुराची मोडतोड करून नवा मजकूर घडवावा लागतो. एक्सएसएलटी ते करते. म्हणूनच तिच्या नावात रूपांतर हा शब्द आहे. तिच्या पहिल्या आवृत्तीला १६ नोव्हेंबर १९९९ रोजी मान्यता मिळाली. तिचे संपादक जेम्स क्लार्क हे एक्सएमएलच्या घडणीतही आघाडीवर होते.

एक्सएसएलटीची विचार करण्याची रीत इतर संगणकभाषांहून वेगळी आहे. नेहमीच्या आज्ञावलीत 'आधी हे कर, मग ते कर' अशा पायऱ्या असतात. एक्सएसएलटीत नियम असतात. 'पुस्तक ही खूण भेटली, तर तक्त्याची एक ओळ तयार कर. शीर्षक भेटले, तर ते ठळक अक्षरांत त्या ओळीत ठेव. लेखक भेटला, तर त्याच्या नावाला त्याच्या इतर पुस्तकांचा दुवा जोड.' अशा प्रत्येक नियमाला साचा म्हणतात. रूपांतर करणारी आज्ञावली मूळ फाइलच्या मुळापासून फांद्यांपर्यंत फिरते आणि भेटेल त्या खुणेला लागू पडणारा साचा शोधते. ज्यांना पायऱ्यांची सवय आहे, त्यांना सुरुवातीला ही पद्धत उलटी वाटते. अनेकांनी तिला नावे ठेवली ती याचमुळे. एकदा अंगवळणी पडली, की लांबलचक आणि वेड्यावाकड्या दस्तऐवजांसाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी रीत सहज सापडत नाही, असे सांगणारेही तितकेच आहेत.

मराठीपुरते दोन मासले पाहण्याजोगे आहेत. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशनाचे वर्ष १९५९ असे देवनागरी अंकांत लिहिले, तर एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती त्याला संख्या मानतच नाही. तिला फक्त इंग्रजी अंक कळतात. वर्षांची वजाबाकी करायला सांगितली, की उत्तर येते 'ही संख्या नव्हे'. यावर उपाय म्हणून माहितीत इंग्रजी अंक ठेवायचे आणि दाखवताना शैलीपत्रकातील एका ओळीने ते देवनागरीत बदलायचे. मूळ माहिती हिशेबाला योग्य राहते आणि वाचकाला मराठी अंक दिसतात. माहिती आणि रूप वेगळे ठेवण्याचा लाभ याहून सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

दुसरा मासला अकारविल्ह्याचा. मराठी वर्णमालेत 'ळ' हे अक्षर 'ह'च्या नंतर येते. युनिकोडच्या संकेतक्रमात मात्र ते 'ल'ला लागून बसवले आहे. परिणामी यंत्राने केवळ संकेतांक पाहून यादी लावली, तर 'कळी' आधी येते आणि 'कविता' नंतर. मराठी कोशाच्या सवयीने पाहणाऱ्याला ते खटकते. एक्सएसएलटीत क्रम लावताना भाषा सांगण्याची सोय १९९९ पासूनच आहे, पण ती पाळायची किती हे प्रत्येक आज्ञावलीवर सोडलेले आहे. दोन निरनिराळ्या आज्ञावल्यांनी लावलेला क्रम तंतोतंत जुळेलच असे नाही, अशी कबुली मानकातच दिलेली आहे.

रूपांतर करायचे कुठे?

वादाचे मूळ या प्रश्नात आहे. रूपांतर दोन ठिकाणी होऊ शकते. एक तर संकेतस्थळाच्या सर्व्हरवर. तेथून वाचकाकडे तयार वेबपान पाठवले जाते आणि आत एक्सएमएल होते याचा त्याला पत्ताही लागत नाही. किंवा मूळ माहिती आणि शैलीपत्रक दोन्ही वाचकाकडे पाठवून रूपांतराचे काम त्याच्या ब्राऊझरवर सोपवले जाते.

पहिल्या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे 'कोहा' ही ग्रंथालयांची संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय संस्थेसाठी ती १९९९ साली तयार होऊ लागली; माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती विनामूल्य आणि मुक्त असल्याने भारतातील अनेक विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनीही ती स्वीकारली आहे. ग्रंथालयशास्त्रात पुस्तकाची नोंद 'मार्क' नावाच्या आंतरराष्ट्रीय आराखड्यात करतात. त्यात लेखकाला १०० हा क्रमांक, शीर्षकाला २४५, विषयाला ६५०. ग्रंथपालाला हे आकडे तोंडपाठ असतात, पण वाचकाला त्यांचा काय उपयोग? कोहा ती नोंद एक्सएमएलमध्ये बदलते आणि शैलीपत्रक तिला वाचनीय रूप देते : २४५ आढळले तर मोठ्या अक्षरांत शीर्षक, १०० आढळले तर त्याखाली लेखक. ग्रंथालयाला आपले स्वतःचे शैलीपत्रक बसवण्याचीही मुभा आहे. मराठी पुस्तकांच्या नोंदीत लेखकाच्या आधी 'लेखक' असा मराठी शब्द यावा असे वाटले, तर मूळ प्रणालीला हातही न लावता ते साधते. लाखभर नोंदी जशाच्या तशा राहतात. बदलते ती एक फाइल.

विद्यापीठांचे प्रबंध आणि शोधनिबंध साठवणाऱ्या 'डीस्पेस' या प्रणालीने याच कल्पनेची मजल आणखी पुढे नेली होती. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ती २००२ साली आणली. पुढे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'मनाकिन' नावाचा भाग तयार केला आणि २००८ साली तो मूळ प्रणालीत दाखल झाला. यात प्रणालीचे प्रत्येक पान आधी एक्सएमएल म्हणून बाहेर पडे आणि मग शैलीपत्रकांच्या संचातून जाऊन वाचकासमोर येई. एकाच सर्व्हरवरील कृषी विभागाचा संग्रह एका रूपात आणि इतिहास विभागाचा दुसऱ्या रूपात दाखवता येई. कल्पना देखणी होती. मात्र ही शैलीपत्रके लिहू शकणारी माणसे ग्रंथालयांना मिळणे कठीण जाऊ लागले, हे तिचे दुखणे. डीस्पेसच्या २०२१ साली आलेल्या सातव्या आवृत्तीतून तो भाग वगळण्यात आला.

दुसऱ्या, म्हणजे ब्राऊझरवर काम सोपवण्याच्या पद्धतीचे गाजलेले उदाहरण खेळाच्या जगातले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातील पात्रांची माहिती देणारे 'आर्मरी' हे संकेतस्थळ २००७ साली सुरू झाले, तेव्हा ते सक्षम ब्राऊझरना थेट एक्सएमएल आणि शैलीपत्रके पाठवत असे. शैलीपत्रक एकदाच उतरवून घ्यायचे आणि नंतर प्रत्येक पात्रासाठी फक्त नवी माहिती मागवायची, असा हिशेब. शिवाय खेळाडूंना ती कोरी माहिती उचलून आपापली छोटी साधने बनवता येऊ लागली. इंटरनेटचा वेग बेताचा असण्याच्या त्या काळात हा विचार व्यवहारी होता.

उतरती कळा

तरीही ब्राऊझरमध्ये एक्सएसएलटी फारशी रुजली नाही. सुरुवातच अडखळत झाली. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत १९९९ साली मानकाच्या कच्च्या मसुद्यावर विसंबून ही सोय देऊन टाकली. काही महिन्यांतच अंतिम मानक वेगळे निघाले आणि आधी लिहिलेली शैलीपत्रके बदलण्याची पाळी आली. पुढे सर्व प्रमुख ब्राऊझरनी पहिली आवृत्ती स्वीकारली, पण २००७ ची दुसरी आणि २०१७ ची तिसरी आवृत्ती त्यांनी कधीच घेतली नाही. प्रकाशनसंस्था आणि मोठ्या कार्यालयांचे सर्व्हर पुढे गेले; ब्राऊझर १९९९ मध्येच थांबला.

दरम्यान जेसॉन हा सुटसुटीत आराखडा लोकप्रिय झाला. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तो घरचाच वाटतो. याची झळ, किंवा म्हणावे तर सोय, आपल्याकडील करदात्यांनीही अनुभवली आहे. प्राप्तिकराच्या विवरणपत्राची फाइल अनेक वर्षे एक्सएमएलमध्ये तयार होत असे; २०२१-२२ या करनिर्धारण वर्षापासून ती जेसॉनमध्ये होऊ लागली. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल मात्र एक्सएमएलमध्ये, डिजिटल स्वाक्षरीसह मिळते. तेव्हा एक्सएमएल संपली असे म्हणणे चुकीचे ठरेल.

गुगलचा निर्णय

ऑगस्ट २०२५ मध्ये क्रोमच्या अभियंत्यांनी एक्सएसएलटी वेबच्या मानकातून वगळावी का, असा प्रश्न जाहीरपणे मांडला. फायरफॉक्स आणि सफारी यांच्या प्रतिनिधींनीही तत्त्वतः अनुकूलता दर्शवली. विरोधाचा सूर मात्र तीव्र उमटला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुगलने वेळापत्रक प्रसिद्ध केले. त्यानुसार क्रोमच्या १५५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे १७ नोव्हेंबर २०२६ पासून, सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी ही सोय बंद करण्याचे ठरले. ज्या संकेतस्थळांनी रीतसर मुदत मागितली आहे आणि ज्या कंपन्या आपल्या संगणकांवर तशी व्यवस्था करून घेतील, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२७ पर्यंत सवलत ठेवण्यात आली.

गुगलचे म्हणणे दोन मुद्द्यांवर उभे आहे. पहिला वापराचा. कंपनीच्या आकडेवारीनुसार उघडल्या जाणाऱ्या एकूण पानांपैकी सुमारे ०.०२ टक्के पानांवर एक्सएसएलटी वापरली जाते; म्हणजे दर दहा हजार पानांमागे जेमतेम दोन. दुसरा मुद्दा सुरक्षेचा आणि तो अधिक गंभीर आहे.

क्रोम आणि सफारी हे दोन्ही ब्राऊझर रूपांतरासाठी 'लिबएक्सएसएलटी' ही मुक्त आज्ञावली वापरत आले. ती सी भाषेत लिहिलेली असून तिचा पाया पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे. सी भाषेत संगणकाची स्मृती कधी घ्यायची आणि कधी परत करायची, हे लिहिणाऱ्याने सांभाळायचे असते. भाड्याची खोली सोडली, पण किल्ली खिशातच राहिली आणि नवा भाडेकरू राहायला आल्यावर जुन्या किल्लीने कुणी आत शिरले, असा प्रकार आज्ञावलीतही घडतो. परत केलेली स्मृती चुकून पुन्हा वापरली जाते आणि हल्लेखोर नेमकी तीच संधी साधतो. लिबएक्सएसएलटीमध्ये अशा त्रुटी वेळोवेळी सापडल्या, २०२५ सालीही सापडल्या. ग्रंथालयाचा सर्व्हर स्वतःची नोंद आणि स्वतःचे शैलीपत्रक वाचतो. तेथे धोका मर्यादित असतो. ब्राऊझरला मात्र जगातल्या कोणत्याही अनोळखी माणसाने लिहिलेले शैलीपत्रक चालवावे लागते. त्यामुळे एकच त्रुटी दोन ठिकाणी सारखी धोकादायक नसते.

इथवर गुगलची बाजू पटते. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. अब्जावधी संगणकांत आणि फोनमध्ये बसवलेल्या या आज्ञावलीची देखभाल बराच काळ मुख्यतः एकच स्वयंसेवक करीत होता. मोठ्या कंपन्या तिचा फुकट वापर करीत होत्या. त्यांचे सुरक्षा संशोधक त्रुटी शोधून मुदतीसह कळवत होते आणि दुरुस्तीचा भार त्या एका माणसावर पडत होता. २०२५ साली त्याने या जबाबदारीतून अंग काढून घेतले. म्हणजे आज्ञावली जुनी झाली म्हणून टाकावी लागली, हे अर्धेच सत्य. तिच्या डागडुजीवर खर्च करण्याची ऐपत ज्यांच्याकडे होती, त्यांनी तो करणे फायद्याचे मानले नाही. सुरक्षित भाषेत ती नव्याने लिहिण्याचा पर्यायही चर्चेत मांडला गेला, ०.०२ टक्क्यांसाठी तेवढा खटाटोप कोण करणार, असे त्यावरचे उत्तर होते. एवढ्याच तर्काने वेबवरील आणखी किती जुन्या सोयी मोडीत निघू शकतील, ही विरोधकांची शंका अनाठायी म्हणता येत नाही.

पडद्यावर काय उरेल?

माहिती नष्ट होणार नाही, हे प्रथम स्पष्ट करायला हवे. शैलीपत्रक चालले नाही, तरी एक्सएमएल फाइल सर्व्हरवर जशीच्या तशी असते. हरवते ते रूप. मतदानाच्या तक्त्याऐवजी खुणांचे जंजाळ किंवा एकामागोमाग चिकटलेला मजकूर दिसतो. अभ्यासकाला त्यातूनही मार्ग काढता येतो. सामान्य नागरिकाने काय करावे, हा प्रश्न उरतो. पॉडकास्ट आणि ब्लॉग यांच्या आरएसएस फाइलींनाही अनेकांनी शैलीपत्रके जोडली होती, जेणेकरून चुकून दुव्यावर टिचकी मारणाऱ्याला वाचता येईल असे पान दिसावे. ते पान जाईल. पॉडकास्ट ऐकवणारी अॅप मात्र पूर्वीसारखीच चालतील, कारण ती शैलीपत्रकाकडे पाहतच नाहीत. कोहासारख्या सर्व्हरवर रूपांतर करणाऱ्या प्रणालींना तर या निर्णयाचा स्पर्शही होत नाही.

खरी अडचण आहे ती वाली नसलेल्या पानांची. ज्या संकेतस्थळाची कुणी काळजी घेत आहे, तेथे उपाय कठीण नाही. क्रोमच्या गटाने जुनीच आज्ञावली बंदिस्त पेटीत घालून ब्राऊझरमध्ये चालवणारा जावास्क्रिप्टचा पर्याय उपलब्ध करून दिला आहे. एक्सएमएल फाइलमध्ये त्याची एक ओळ घालावी लागते. पण ती ओळ घालणार कोण? एखाद्या प्रकल्पासाठी नेमलेला माणूस केव्हाच गेलेला असतो, विभागाचे नाव बदललेले असते आणि फाइली मात्र जुन्या पत्त्यावर पडून असतात. कागदी दप्तराला निदान वाळवी लागलेली दिसते.

आपल्या संस्थेचे संकेतस्थळ यात येते का, हे पाहणे सोपे आहे. ज्या पानांचा पत्ता एक्सएमएल या अक्षरांनी संपतो, ती पाने उघडावीत आणि ब्राऊझरमधून त्यांचा मूळ स्रोत पाहावा. सुरुवातीच्या ओळींत एक्सएमएल-स्टाइलशीट अशी सूचना असेल आणि ती एक्सएसएल फाइलकडे बोट दाखवत असेल, तर ते पान ब्राऊझरवर विसंबून आहे. तीच सूचना सीएसएस फाइलकडे बोट दाखवत असेल, तर चिंता नको. ती सोय काढण्याचा प्रस्ताव नाही. सर्वांत टिकाऊ मार्ग म्हणजे तेच शैलीपत्रक सर्व्हरवर चालवून तयार पाने ठेवणे. पीएचपी आणि जावा या दोन्हींत त्याची सोय आहे आणि फाइली बदलणार नसतील, तर हे काम एकदाच करावे लागते. मूळ एक्सएमएल मात्र शेजारी जपून ठेवावी, कारण पुढचे रूप तिच्यातूनच घडवावे लागेल.